गागोदे, रोहा आणि इंग्रजीचा पेपर

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा जे लोकलमध्ये इअरफोन विसरले, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप. बोलताना जिथे घसरलो तिथे थोडं सावरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

फेब्रुवारीत दोन दिवस मामाकडे गेलो होतो, रामवाडीला. पेणची रामवाडी. एसटीनं गोवा हायवेला गेला असाल तर कंडक्टरच्या तोंडून हे नाव ऐकलं असेलच. मामा हमरापूरकडे गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो आणि मामेबहीण यंदा दहावीला आहे. मी पोचलो तेव्हा ती ओटीवर फेऱ्या मारत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं संस्कृतचं सुभाषित. जवळ गेलो तर इंग्रजी. 'थंड हवेच्या ठिकाणाला दिलेली भेट' या विषयावरचा उतारा, क्लासच्या नोट्समधला, अक्षर न् अक्षर पाठ.

"दादा, असे पाच पाठ केले की एक तरी येतोच," ती म्हणाली.

मी विचारलं, "तू कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी गेलीयस?"

"कुठे नाय. खोपोलीला गेलेय एकदा, आत्याच्या लग्नाला."

मी हसलो, पण मला हसायचा काही हक्क नव्हता. मीही २०१३मध्ये असंच केलं होतं. मला 'पावसाळ्यातला एक दिवस' पाठ होता, स्वल्पविरामांसकट. मार्क चांगले पडले. पुढे बीटेक झालो, नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात परदेशी क्लायंटच्या कॉलवर त्यानं विचारलं, "तिकडे हवा कशी आहे?" बाहेर धो धो पाऊस. मला अख्खा निबंध पाठ, आणि तोंडातून एक वाक्य निघेना. असो. परतीच्या एसटीत डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा पेपर आला कुठून? व्याकरण, भाषांतर, निबंध हे त्रिकूट कुणी आणि कधी जमवलं?

तर चला, मागे जाऊ.

मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९मध्ये झाली. आज दहावीचा निकाल लागला की घरात जे होतं, त्या सगळ्याची आजी म्हणजे ही परीक्षा. मॅट्रिक झालं की कॉलेजचं दार उघडायचं. त्याही आधी सरकारी कचेरीतल्या नोकरीचं. आणि गंमत बघा, इंग्रजी हा तिथे फक्त एक विषय नव्हता. इतिहास, गणित, भूगोल, सगळ्याची उत्तरं इंग्रजीत लिहायची. इंग्रजी कच्चं तर सगळंच कच्चं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे याच वाटेनं गेले आणि १८६२मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले. चौघंच. 'मॅट्रिक फेल' आणि 'नॉन-मॅट्रिक' हे शब्द मात्र पुढे शंभर वर्षं गावोगाव हजारोंच्या नावाला चिकटले. माणसं ते स्वतःच सांगायची, डिग्री सांगावी तसं.

हे असंच व्हायला हवं होतं का? तसं अजिबात ठरलेलं नव्हतं. १८४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या शिक्षण मंडळात यावर जोरदार खडाजंगी झाली होती. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणत, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्या. कर्नल जर्व्हिस म्हणत, नाही, इथल्या लोकांच्या भाषेत द्या. म्हणजे मराठीची बाजू लढवत होता एक गोरा लष्करी अधिकारी, आणि त्याच्या बाजूला उभे होते जगन्नाथ शंकरशेट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. शेवटी वारं फिरलं ते इंग्रजीच्याच बाजूनं.

आता व्याकरणाकडे येतो. इथे मी स्वतः चाट पडलो. आपण शाळेत घोकतो ना, शब्दांच्या जाती आठ? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे. मला वाटायचं हे ज्ञानेश्वरांच्या काळापासून असणार. पाणिनीकडे बघितलं तर तिथे मांडणी वेगळीच. आठांचा हा साचा इंग्रजी व्याकरणातून आला. लिंडली मरे नावाचा एक अमेरिकन वकील इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ जाऊन राहिला आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यानं १७९५मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. ते पुस्तक जगभर गेलं, मुंबईतही आलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता मरेचा. दादोबांना पुढे 'मराठीचे पाणिनी' म्हणू लागले. यॉर्कच्या शाळेतल्या मुलींसाठी पाडलेल्या साच्यात आपल्या भाषेचं व्याकरण बसलं, आणि आपण अजून तेच पाठ करतोय!

विरामचिन्हांचंही तसंच. मोडीत कागदच्या कागद लिहिले जायचे, त्यात ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह. ती चिन्हं मराठीत रुजवली मेजर थॉमस कँडी यांनी. त्यावर त्यांची एक पुस्तिकाच आहे, १८५०ची. त्यामुळे आपण इंग्रजी शिकलो असं नुसतं म्हणून भागत नाही. इंग्रजी शिकता शिकता मराठी लिहायची कशी, हेही बरंचसं तिकडून उचललं.

भाषांतराचं खापर, किंवा श्रेय म्हणा, पुन्हा तर्खडकर आडनावाकडेच जातं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. तुमच्या आजोबांना विचारा, डोळे चमकतील किंवा कपाळावर आठ्या येतील. आधी नियम, मग शब्द, मग मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी वाक्यं, धड्यामागून धडे. दिवाणखाना नव्हता, क्लास नव्हता, यूट्यूब तर नव्हतंच, अशा घरांमध्ये कंदिलाच्या उजेडात माणसं एकट्यानं इंग्रजी शिकली ती या पुस्तकावर. आजही मराठी माध्यमाच्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात शेवटी भाषांतराचा छोटा प्रश्न असतोच. मला तो बघितला की तर्खडकर आठवतात.

तिसरं प्रसिद्ध पुस्तक म्हणजे रेन आणि मार्टिन. लाल कव्हरचं, 'हायस्कूलसाठी इंग्रजी व्याकरण आणि रचना' अशा अर्थाच्या नावाचं. यातला पी. सी. रेन १९०३मध्ये हेडमास्तर म्हणून कराचीला आला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. याच माणसानं नंतर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली, वाळवंट, बंदुका, परदेशी फौज असली जबरदस्त साहसकथा. तीवर सिनेमे निघाले. आणि आपण त्याला ओळखतो कशावरून, तर गाळलेल्या जागा भरा यावरून. बिचारा.

आता माझ्या आवडीचा भाग.

रामवाडीहून फार लांब नाही, पेण तालुक्यातच गागोदे नावाचं गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ला तिथे एक मुलगा जन्मला, विनायक नरहरी भावे. चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ला, याच कुलाबा जिल्ह्यात महाडजवळ नाते इथे दुसरा मुलगा जन्मला, चिंतामण द्वारकानाथ देशमुख. देशमुखांचं घराणं रोह्याचं. जिल्हा एक, वय एक, आणि पुढ्यात परीक्षाही एकच, मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक.

चिंतामण १९१२मध्ये बसला आणि अख्ख्या विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानंच पटकावली. हो, तेच शंकरशेट, देशी भाषांची बाजू घेणारे. त्यांच्या नावाचं संस्कृतचं बक्षीस मिळवायचं तर पेपर मात्र इंग्रजीच्या राज्यातच द्यायचे! तिथून चिंतामण केंब्रिजला गेला, आयसीएसच्या परीक्षेतही पहिला आला, आणि १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. नंतर देशाचा अर्थमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे सी. डी. देशमुख ते हेच.

विनायक लहानपणीच वडिलांकडे बडोद्याला गेला. वडिलांच्या इच्छेनं शाळेत फ्रेंच घेतलं, आईला वाटत होतं संस्कृत घ्यावं. १९१३मध्ये तोही मॅट्रिक पास झाला. त्याच्या शिक्षणाच्या दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते, विनोबांनी स्वतःच आठवणींत सांगितलेली. वर्गात निबंधाला विषय आला लग्नसमारंभाचं वर्णन. हा कधी कुणाच्या लग्नाला गेलेलाच नाही. दुसऱ्या मुलानं काय केलं असतं? तेच, जे मी आणि माझ्या बहिणीनं केलं. यानं लिहिलं की एका तरुणानं लग्न केलं आणि त्यापायी तो स्वतः कसा दुःखी झाला, इतरांनाही त्यानं कसं दुःखी केलं. मास्तरांनी शेरा मारला की दिलेला विषय सोडलाय, पण डोकं चालवलंय. आणि मार्क दिले. त्या मास्तरांना माझा इथूनच नमस्कार. असा पेपर तपासनीस मला आयुष्यात भेटला नाही.

१९१६मध्ये इंटरची परीक्षा तोंडावर आली. एक दिवस आई स्वयंपाक करत होती आणि विनायक चुलीत कागद घालत होता. आईनं विचारलं, हे काय जाळतोयस? मॅट्रिकची आणि बाकीची सर्टिफिकेटं होती. ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं, असं आईचं म्हणणं. ती असती तर मोह राहिला असता, असं याचं. मग परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, मध्येच सुरतला उतरला आणि काशीची गाडी पकडली. पुढे तो गांधीजींच्या आश्रमात गेला आणि विनोबा झाला.

म्हणजे एकानं त्या परीक्षेत पहिला नंबर काढला, दुसऱ्यानं तिचा दाखला चुलीत घातला, आणि मध्ये अंतर फक्त चार वर्षांचं.

शाळेत मी ही गोष्ट ऐकली असती तर नक्की म्हटलं असतं, विनोबा हीरो! आता तसं म्हणवत नाही. सर्टिफिकेट जाळायला आधी ते मिळवावं लागतं, आणि नापास झालेल्याला चुलीत घालायला काही नसतंच. शिवाय विनोबांनी परीक्षा सोडली, भाषा सोडल्या नाहीत. कितीतरी भाषा शिकले. आईला संस्कृत गीता कळत नव्हती आणि बाजारातला मराठी अनुवाद रुचत नव्हता, म्हणून ती म्हणाली होती, तूच का करत नाहीस? ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी 'गीताई' लिहिली. आणि तिकडे देशमुखांनी 'मेघदूत' मराठीत आणलं. दोघंही शेवटी भाषांतराच्याच प्रश्नावर येऊन बसले बघा, मार्क द्यायला कुणी नसताना.

१९५१मध्ये भूदान सुरू झालं तेव्हा नेहरूंनी विनोबांना योजना आयोगाशी बोलायला दिल्लीला बोलावलं. विनोबा चालत गेले. आयोगाच्या सदस्यांत एक होते सी. डी. देशमुख. आणि दोघं गेलेही एकाच वर्षी, १९८२मध्ये, दीडेक महिन्याच्या अंतरानं. त्याच्या आदल्या वर्षी कुलाब्याचं नाव रायगड झालं होतं.

मधला इतिहास भराभर सांगतो. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून टाकलं, त्यामुळे त्या पिढीला एबीसीडी भेटली ती थेट आठवीत. परीक्षा विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली. १९७५पासून अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली. २०००मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, मी त्यातल्या सुरुवातीच्या बॅचमधला. २०१९ला भाषांचे अंतर्गत २० मार्क काढले आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते मार्क परत आले. दीडशे वर्षं झाली, आणि तोंडी वीस मार्कांवर अजून घराघरातला श्वास अडकतो.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला विनोबांच्या निबंधाची गोष्ट सांगितली. गागोदे तिला माहीत होतं, शाळेची सहल गेली होती. निबंधाचं माहीत नव्हतं. म्हटलं, डोंगर सोड, बाबांच्या कारखान्यात तू दर वर्षी जातेस ना, ते लिही. नाक मुरडलं तिनं. "ते काय लिहायचं? साच्यातून काढतात, वाळवतात, रंग मारतात."

पण संध्याकाळी वही घेऊन बसली. वाक्यं छोटी छोटी. दोन ठिकाणी काळ चुकला होता, एका ठिकाणी क्रियापदाचा एस राहिला होता. ते आम्ही रेन-मार्टिन उघडून दुरुस्त केलं, नियमांना तिथे पर्याय नाही. साच्याला शब्द मिळाला, शाडूला माती म्हणून भागवलं. अडली ती आखणीपाशी. मूर्तीचे डोळे रेखायचं ते काम, अगदी शेवटचं, मामाचा हात ज्यासाठी ओळखला जातो ते. मी फोनवर शोधलं, जे सापडलं ते तिला पटेना. "नुसतं डोळे रंगवणं नाय ते, दादा."

शेवटी तिनं तो शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच लिहिला, आणि पुढे अजून एक वाक्य घातलं, आखणी म्हणजे काय ते सांगणारं.

"मार्क कापतील का रे?"

मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही. तिनं शब्दाखाली एक रेघ मारली आणि पान उलटलं.