आफ्रिकेत इम्पाला, कुडूच्या शिकारीला हलकी रायफल पुरते का? काडतूस नेमकं कसं निवडतात?

कुमाऊंमधल्या चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारली. त्याबद्दल त्यांना एक रायफल भेट मिळाली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ कॅलिबरची. या रायफलीचं काडतूस मुळात जर्मन होतं. ७×५७ मॉझर हे त्याचं खरं नाव.

साधारण त्याच काळात आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉटिश शिकारी याच काडतुसाने हत्ती मारत होता. 'करामोजो' बेल म्हणून तो ओळखला जातो. आयुष्यात त्याने हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बहुतेक हलक्या रायफलींनी.

तेव्हापासून शिकाऱ्यांमध्ये एक वाद सुरू आहे. मोठ्या जनावरासाठी हलकं काडतूस पुरतं का? आज हा प्रश्न हत्तीपेक्षा 'प्लेन्स गेम'बद्दल जास्त विचारला जातो.

'प्लेन्स गेम' म्हणजे काय?

हत्ती, सिंह, बिबट्या, रानरेडा आणि गेंडा हे आफ्रिकेतले 'बिग फाइव्ह'. ते सोडून माळरानावर आणि झुडपी जंगलात चरणारी हरणं, झेब्रा, वॉर्टहॉग हे रानडुक्कर, या सगळ्यांना मिळून प्लेन्स गेम म्हणतात. दक्षिण आफ्रिका, नामिबिया अशा काही देशांत त्यांची परवानाधारक शिकार कायदेशीर आहे. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले.

अडचण अशी की या एका नावाखाली फार वेगवेगळी जनावरं येतात. स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाएवढा, ३० ते ४५ किलोचा. इम्पालाचा नर ५०-६० किलोच्या आसपास. कुडूचा नर मात्र नीलगायीच्या तोडीचा, २०० किलोंच्या पुढे. आणि इलंडचा मोठा नर ७०० किलोंच्याही वर जातो. पाहुण्या शिकाऱ्याच्या एकाच सहलीत यातली तीन-चार जनावरं ठरलेली असतात आणि रायफल बहुधा एकच असते.

कायदा काय सांगतो?

नामिबियाचा नियम समजायला सोपा आहे. तिथे रायफलीच्या नळीतून बाहेर पडताना गोळीत किमान किती ऊर्जा हवी, हे ठरवून दिलंय.

- स्प्रिंगबॉकसारखी लहान हरणं: १,३५० ज्यूल
- कुडू, गेम्सबॉक, विल्डेबीस्ट, इलंड: २,७०० ज्यूल
- हत्ती, रानरेडा: ५,४०० ज्यूल

म्हणजे बेलने केलं ते आज नामिबियात कायद्याने करताच येणार नाही.

मग हलक्या काडतुसांपैकी कोणतं कुठे बसतं?

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन. खालचे आकडे बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या काडतुसांचे आहेत. कंपनी आणि नळीच्या लांबीनुसार ते थोडे मागेपुढे होतात.

- .२४३ विंचेस्टर (१९५५): १०० ग्रेनची गोळी, सुमारे २,६४० ज्यूल. स्प्रिंगबॉक आणि इम्पालासाठी उत्तम. कुडूसाठी नामिबियाच्या नियमात थोडक्यात नापास.
- ७×५७ मॉझर (१८९२): १४० ग्रेन, सुमारे ३,००० ज्यूल. सव्वाशे वर्षं उलटली तरी वापरात.
- ६.५ क्रीडमूर (२००७): १४० ग्रेन, सुमारे ३,१०० ज्यूल. धक्का सौम्य, म्हणून नव्या नेमबाजांना आवडतं.
- ७एमएम-०८ रेमिंग्टन (१९८०): १४० ग्रेन, सुमारे ३,४५० ज्यूल.
- .३०८ विंचेस्टर (१९५२): १५० ग्रेन, सुमारे ३,६०० ज्यूल. हलक्या आणि मध्यम काडतुसांच्या सीमेवरचं.
- .२७० विंचेस्टर (१९२५): १३० ग्रेन, सुमारे ३,६५० ज्यूल. मोकळ्या माळावर लांबच्या नेमासाठी प्रसिद्ध.

ज्यूल जास्त म्हणजे काम फत्ते?

नाही. ऊर्जा कागदावर असते, जनावर पडतं ते गोळी हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचल्यावर. तिथे गोळीची बांधणी महत्त्वाची ठरते.

साध्या गोळीत शिशाभोवती तांब्याचं पातळ आवरण असतं. वेगात हाडावर आदळली की ती फुटू शकते. इम्पालाच्या बाबतीत हे एखाद्या वेळी निभावतं. कुडूच्या जाड खांद्यात मात्र गोळी वरच्या वर फुटली, तर जखम उथळ राहते आणि जनावर पळून जातं. म्हणून हलक्या काडतुसात मजबूत गोळी घेतात. काही गोळ्यांत शिसं आवरणाला पक्कं जोडलेलं असतं, काहींत मध्ये पडदा असतो, तर काही पूर्ण तांब्याच्याच असतात. त्या पसरतात, पण तुकडे होत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळीची लांबी. जाडी तीच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते आणि सारख्याच बांधणीची असेल तर जास्त खोल जाते. या गुणाला 'सेक्शनल डेन्सिटी' म्हणतात. .२४३ मधल्या १०० ग्रेनच्या गोळीची ती ०.२४२, तर ६.५ मधल्या १४० ग्रेनच्या गोळीची ०.२८७. दिसायला साधी असलेली ६.५ ची काडतुसं मोठ्या हरणांवर चालतात, त्यामागे हे गणित आहे.

हलकं काडतूस निवडतातच कशासाठी?

कारण खांद्याला बसणारा धक्का. सारख्याच वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का .३०८ च्या साधारण निम्मा असतो. मोठ्या जनावरांसाठीच्या .३७५ एच अँड एच मॅग्नमशी तुलना केली तर सुमारे पाव. जोरदार धक्क्याची धास्ती बसली की ट्रिगर दाबायच्या आधीच अंग आक्रसतं, डोळे मिटतात आणि नेम चुकतो. पोटात लागलेल्या जड गोळीपेक्षा फुप्फुसात लागलेली हलकी गोळी केव्हाही बरी.

बेलच्या यशाचं रहस्यही हेच होतं. हत्तीचा मेंदू नेमका कुठे असतो हे कळावं म्हणून त्याने कवट्या करवतीने कापून पाहिल्या होत्या. त्याची नक्कल करणाऱ्याकडे रायफल तीच असू शकते, हा अभ्यास असेलच असं नाही.

आफ्रिकी हरणांचं हृदय पुढच्या पायांच्या मध्ये, बरंच खाली असतं. त्यामुळे जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत वर जाऊन, शरीराच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरायला सांगतात. खांद्याच्या मागे नेम धरायची सवय असलेल्यांची गोळी इथे पोटात जाऊ शकते.

चूक झाली तर?

जखमी जनावर काटेरी झुडपांत शिरतं आणि मग रक्ताचा माग काढत तासन् तास चालावं लागतं. हलक्या गोळीचं छिद्र लहान असतं. ती आरपार गेली नाही तर रक्तही कमी सांडतं आणि माग हरवतो. जनावर सापडलं नाही तरी रक्ताचा थेंब दिसला की पूर्ण पैसे भरायचे, असा दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातला रिवाज आहे. पैसे शिकाऱ्याचे जातात, पण ते जनावर कुठेतरी झुरत मरतं.

थोडक्यात, निवड कशी करायची?

सुरुवात काडतुसापासून नाही, जनावरांच्या यादीपासून करतात. यादीतलं सगळ्यात मोठं जनावर कोणतं आणि त्या देशाचा नियम काय, हे आधी पाहायचं. यादी इम्पालापर्यंतच असेल तर .२४३ पुरतं. कुडू किंवा गेम्सबॉक असेल तर ६.५ किंवा ७ मिलिमीटर आणि मजबूत गोळी. इलंड असेल तर हलक्या काडतुसाचा हट्ट सोडलेला बरा.

त्यानंतरची परीक्षा कॅम्पवर होते. पहिल्या दिवशी पाहुण्याला आधी कागदी निशाणावर गोळ्या झाडायला लावतात. त्याला किती अंतरापर्यंत नेम धरू द्यायचा, हे सोबतचा व्यावसायिक शिकारी तो कागद बघून ठरवतो.