लेप्तिसचे खांब

लिबियाच्या किनाऱ्यावरच्या लेप्तिस मॅग्नात इ.स. १-२ मध्ये हन्नोबाल तपापियस रूफस या गावकारभाऱ्याने स्वखर्चाने नाट्यगृह बांधलं आणि त्यावर दोन भाषांत लेख कोरून घेतला. नावातच सगळं आलं: हन्नोबाल हे प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेतलं, रूफस हे रोमन. लॅटिन मजकुराची सुरुवात ऑगस्टसच्या नावाने आणि त्याच्या बिरुदांनी होते. खालच्या प्युनिक मजकुरात सम्राट नाहीच! तिथे आहे फक्त हन्नोबाल, देशाला सजवणारा, हिमिल्कोचा मुलगा. रोमला दाखवायचं ते वर, गावाला सांगायचं ते खाली. मला ही चलाखी कुठल्याही विजय-कमानीपेक्षा जास्त राजकीय वाटते. कमान हुकूम सांगते, हा लेख सौदा सांगतो.

दगड मात्र तेव्हा जवळपासच्या खाणींतलाच, चुनखडीचा. पुढे सम्राट ट्रेजनने गावाला रोमन वसाहतीचा दर्जा दिला आणि हेड्रियनच्या काळातल्या स्नानगृहांपासून समुद्रापलीकडचा संगमरवर येऊ लागला. मग १९३ मध्ये याच गावात जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस सम्राट झाला. त्याने नवा चौक उभारला, शेजारी बॅसिलिका, म्हणजे सार्वजनिक सभागृह, काढली. तिचं काम त्याच्या मुलाने, कॅराकॅलाने, २१६ मध्ये पुरं केलं. खांबांसाठी इजिप्तमधल्या आस्वानचा तांबूस ग्रॅनाइट आणि ग्रीसमधला हिरवट पट्ट्यांचा संगमरवर मागवला. गावाला एवढ्या खांबांची गरज नव्हती. पण सम्राटाच्या जन्मगावाला होती.

गाव ओस पडलं, वाळूखाली गेलं, तरी खांबांची मागणी संपली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच वाणिज्यदूताने चौदाव्या लुईसाठी खांब जहाजांवर चढवले. १८१६ मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत वॉरिंग्टन याने त्रिपोलीच्या पाशाकडून खांब नेण्याची परवानगी काढली. गावकऱ्यांना हे रुचलं नाही, कारण तेही हे दगड वापरत होतेच. लंडनला पोचलेले खांब काही वर्षं ब्रिटिश म्युझियमच्या अंगणात पडून राहिले. शेवटी चौथ्या जॉर्जने ते विंडसरजवळ, व्हर्जिनिया वॉटर तळ्याकाठी, बनावट भग्नावशेष म्हणून मांडले. नाव दिलं ‘ऑगस्टसचं मंदिर’. हन्नोबालने प्युनिकमधून गाळलेलं नाव असं परक्या तळ्याकाठी अवतरलं.

जहाजात न मावलेले काही खांब लेप्तिसच्या वाळूत अजून आडवे आहेत.