मुंबईच्या समुद्रांतील तेल आणि किनारा

अरबी समुद्रांत मुंबईपासून सुमारें 160 किलोमीटर पश्चिमेस, समुद्रतळाच्याही खालीं, चुनखडीच्या थरांत तेल सांठलेलें आहे, ही गोष्ट आज शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पण तें तेल वर येऊं लागल्यावर किनाऱ्याची काळजी कोणीं व केव्हां घेतली, हा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं.

1964 ते 1967 ह्या काळांत 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' ह्या रशियन जहाजावरून खंबायतच्या आखाताची पाहणी झाली व मुंबईसमोरील हा उंचवटा नकाशावर आला. जपानमध्यें बांधलेल्या 'सागर सम्राट' ह्या वेधनमंचानें फेब्रुवारी 1974 मध्यें तेथें तेल शोधून काढलें. मे 1976 मध्यें उत्पादनास आरंभ झाला. ही घाई अकारण नव्हती. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कांहीं महिन्यांतच तेलाचे भाव चौपट झाले होते आणि परकीय चलनाच्या टंचाईनें देश जेरीस आला होता. अशा वेळीं घरचें तेल मिळणें म्हणजे दुष्काळांत विहिरीस पाणी लागण्यासारखेंच होतें. मासळीचा किंवा तिवरांचा विचार तेव्हां मागें पडला, ह्यांत नवल तें काय? मात्र जग अजाण होतें असें म्हणतां यावयाचें नाहीं. 1969 सालींच कॅलिफोर्नियांत सांता बार्बरासमोर तेलविहीर फुटून किनारा काळा झाला होता, व त्यावरून तेथें मोठें काहूर उठलें होतें.

आपल्याकडे कायदा तेलाच्या मागून चालत आला. 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानें समुद्रतळावरील हक्क ठरविले. तटरक्षक दल 1978 त उभें राहिलें, पर्यावरण संरक्षणाचा कायदा 1986 त झाला, आणि किनारपट्टी नियमनाची अधिसूचना फेब्रुवारी 1991 मध्यें निघाली. तेलाच्या शोधास व उत्पादनास आरंभ करण्यापूर्वीं त्याच्या परिणामांचा अभ्यास करून केंद्र सरकारची अनुमति घ्यावी, हें बंधन आलें तें जानेवारी 1994 मध्यें. म्हणजे पहिल्या विहिरीनंतर तब्बल वीस वर्षांनीं!

मधल्या काळांत समुद्रानें इशारे दिलेच होते. जुलै 1982 मध्यें 'सागर विकास' ह्या मंचावर विहिरीचा स्फोट झाला. पुढें मे 1993 मध्यें मुंबई हायपासून उरणला तेल आणणारा समुद्राखालील नळच फुटला व हजारों टन तेल पाण्यावर पसरलें. पावसाळा तोंडावर आलेला आणि वारा किनाऱ्याकडचा. तेलाचा तवंग मुरुडच्या दिशेनें सरकला. भरतीबरोबर असें तेल खाडींत शिरलें म्हणजे तिवरांच्या चिखलाबाहेर डोकावणाऱ्या श्वासमुळांवर बसतें. मुळांस हवा मिळेनाशी होते व झाड गुदमरतें. त्याच तिवरांच्या आश्रयानें कोळंबी आणि कितीएक माशांचीं पिलें वाढतात, तेव्हां झाडाचें दुखणें कोळ्याच्या जाळ्यापर्यंत पोंचावयास वेळ लागत नाहीं. तेलगळतीच्या आपत्तीस तोंड देण्याची राष्ट्रीय योजनाही 1993 सालचीच.

कोळ्यांची तक्रार केवळ अपघातांपुरती नाहीं. मंचांभोंवतीं 500 मीटरपर्यंत होड्यांस मज्जाव असतो. शिवाय तेलाच्या पाहणीचे स्फोटध्वनि सुरू असतां मासळी दूर जाते, असें ते सांगतात. ही तक्रार भाबडी म्हणून उडवून लावणें सोपें आहे, परंतु न्यायाचें नाहीं. समुद्र वाचण्याची विद्या त्यांच्याकडे पिढीजात आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. आंबेगांव तालुक्यांतील कळंबास समुद्र दिसत नाहीं. घोड नदीचें पाणीही भीमेवाटे पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरास जातें. तरी तेथील उसाचा संबंध ह्या पश्चिम समुद्राशीं आहे. मुंबई हायचा वायु नळानें उरणास येतो, आणि ह्याच वायूच्या भरंवशावर अलिबागेजवळ थळ येथें खताचा प्रचंड कारखाना 1985 च्या सुमारास चालू झाला. तेथील युरिया देशावरच्या शेतांत पडतो. लाभ घाटावर चढला आणि धोका मात्र किनाऱ्याच्या पदरीं राहिला, ही गोष्ट देशावरच्या सुखवस्तु घरांतून क्वचितच बोलली जाते.

ऑक्टोबर 2013 मध्यें उरणच्या किनाऱ्याजवळ तेलवाहिनीस पुन्हां गळती लागली. गळती 1993 च्या मानानें किरकोळ होती, परंतु ह्या खेपेस काळें पाणी थेट कोळ्यांच्या होड्यांपाशीं आलें होतें.