बांबूवरून समुद्रतळाशी

हिंदुस्थानात विजेच्या तारेचा पहिला मोठा प्रयोग 1839 साली कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानात झाला. करणारा इंजिनिअर नव्हता. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असे. गांजाच्या औषधी गुणांची त्याने केलेली तपासणीही याच सुमाराची. त्याने उद्यानात बांबू रोवून त्यांवर लोखंडी तार ताणली. सगळे मंडल सुमारे 21 मैलांचे होते आणि त्यातला 7000 फुटांचा टप्पा नदीच्या पाण्यातून जात होता. एवढ्या लांबूनही संकेत पोचतात हे सिद्ध झाले. सरकारने मात्र पुढची दहा वर्षे त्याकडे ढुंकून पाहिले नाही.

डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चक्रे फिरली. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही चाचणीची लाइन 1850 साली हाती घेतली गेली आणि वर्षभरात सुरू झाली. हुगळीत शिरणाऱ्या जहाजांची खबर राजधानीला आधी मिळावी, हा रोकडा हेतू. विलायतेत बारीक तार वापरत. ओशॉनेसीने 3/8 इंच जाडीची लोखंडी सळईच घेतली. माकडे लोंबकळली, घारी-गिधाडे बसली, वादळ आले तरी ती टिकावी, हा हिशेब. काही भागात सळई जमिनीखाली नेली. तिथे छपराची कौले ओळीने मांडून त्यांत वाळू आणि वितळलेली राळ ओतली व सळई तिच्यात बसवली. विलायती सामानाची वाट न पाहता बाजारात मिळेल त्यावर भागवण्याची ही हातोटी हेच त्याचे खरे कर्तृत्व. संदेश घेण्याचे यंत्रही साधेच होते: चुंबकसुई डावीकडे-उजवीकडे किती वेळा हलते ते पाहून कारकून अक्षर ओळखी. 1852 च्या एप्रिलमध्ये रंगून पडल्याची बातमी याच लाइनने कलकत्त्यात आली, आणि तारेच्या उपयोगाबद्दल कंपनी सरकारला वेगळा पुरावा लागला नाही.

ओशॉनेसीइतकेच शिवचंद्र नंदी हे नावही लक्षात ठेवण्यासारखे आहे, पण ते फारसे घेतले जात नाही. कलकत्त्याच्या टाकसाळीत ओशॉनेसीच्या हाताखाली काम केलेल्या या बंगाली गृहस्थाने डायमंड हार्बरहून पहिला संकेत पाठवला. पुढे त्याने शेकडो मैलांच्या लाइनी उभारल्या, नव्या कारकुनांना शिकवले आणि रायबहादूर ही पदवी मिळवली.

1853 च्या नोव्हेंबरात लांब पल्ल्याच्या लाइनींचे मोठे काम निघाले. 24 मार्च 1854 रोजी आग्र्याहून 800 मैलांवरच्या कलकत्त्याला संदेश गेला. आग्र्याहून सेंधव्याच्या घाटातून एक फाटा मुंबईला आणि तिथून पुढे मद्रासकडे गेला. फेब्रुवारी 1855 मध्ये तार सर्वांना खुली झाली. 400 मैलांपर्यंत 16 शब्दांना एक रुपया हा दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचाच होता. गिऱ्हाईक म्हणजे सरकार आणि बडे व्यापारी.

11 मे 1857 रोजी मेरठचे बंडवाले शिपाई दिल्लीत शिरले. मेरठची तार आधीच बंद पडली होती, पण दिल्लीच्या कचेरीतल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या तरुण सिग्नलरांनी पळ काढण्यापूर्वी अंबाल्याला इशारा दिला आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी सावध झाले. कंपनीच्या शत्रूंना तारेची किंमत कळायला वेळ लागला नाही. ठिकठिकाणी खांब उखडले गेले. याच सुमारास सुईचे यंत्र मागे पडून मॉर्सचे यंत्र आले.

विलायतेशी जोडणी व्हायला आणखी काही वर्षे गेली. इराणच्या आखातातली केबल 1864 मध्ये पडली आणि पुढच्या वर्षी खुश्कीच्या तुर्की लाइनमार्गे युरोप जोडला गेला. पण वाटेत परभाषी कारकुनांच्या हातून जाताना मजकुराची इतकी मोडतोड होई, की व्यापारी कावले. अखेर केबल-व्यावसायिक जॉन पेंडरच्या कंपन्यांनी समुद्रमार्ग धरला. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने 1870 च्या आरंभी मुंबईहून एडनकडे केबल टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली, आणि विलायतेचे भाव कळण्यासाठी इथल्या कापूसवाल्यांना डाकेच्या बोटीची वाट पाहण्याची गरज उरली नाही.