उघड्या खाणीतील ट्रक व उत्खनकांच्या ताफ्याची निवड

उघड्या खाणीत सुटा केलेला दगड, कोळसा किंवा त्यावरील माती उचलण्यासाठी व वाहून नेण्यासाठी कोणती यंत्रे, किती क्षमतेची आणि किती संख्येने घ्यावीत हे ठरविण्याच्या प्रक्रियेस ताफ्याची निवड म्हणतात. उचलणारे यंत्र म्हणजे उत्खनक (बोलीभाषेत पोकलेन), शॉवेल किंवा लोडर; वाहणारे वाहन म्हणजे डंपर अथवा टिप्पर. यांपैकी एकाची निवड दुसऱ्यापासून वेगळी करता येत नाही.

विदर्भातील दोन प्रकार

विदर्भात या निवडीची दोन टोके आढळतात. चंद्रपूर जिल्ह्यात आणि यवतमाळ जिल्ह्याच्या वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्स या कंपनीच्या कोळशाच्या मोठ्या उघड्या खाणी आहेत. तेथे शॉवेलबरोबर ६० ते १०० टनी डंपर चालतात. असे डंपर सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत, ते खाणीतच राबतात. वाशिम जिल्ह्यात कोळसा नाही. येथील जमीन दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे काळ्या दगडाची असून खाणकाम मुख्यतः गिट्टी व मुरूम या गौण खनिजांचे आहे. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या कामांना असाच माल लागतो. खदान लहान आणि माल शेवटी गावरस्त्याने जाणार, म्हणून येथे टिप्परच सोयीचा ठरतो.

बकेट व टिप्पर यांचा मेळ

साधारणतः चार ते सहा बकेटांत वाहन भरावे, असा संकेत आहे. बकेटा फार लागल्यास वाहन ताटकळते. फार कमी लागल्यास प्रत्येक बकेटीचा आघात चेसिसवर येतो आणि भाराचा अंदाज चुकतो.

वाहनांची संख्या ठरविण्यासाठी 'मेळ गुणांक' वापरतात. टिप्परांची संख्या गुणिले एक टिप्पर भरण्याचा वेळ, यास उत्खनकांची संख्या गुणिले टिप्परच्या पूर्ण फेरीचा वेळ याने भागले असता तो मिळतो. गुणांक एकाहून कमी असल्यास उत्खनक रिकामे थांबते. अधिक असल्यास टिप्परांची रांग लागते.

काळ्या दगडाच्या खदानीचे एक कल्पित उदाहरण पाहू. सुरुंगाने फोडलेला दगड सैल अवस्थेत घनमीटरला सुमारे १.७५ टन भरतो. १.२ घनमीटरची बकेट ८५ टक्के भरली, तर एका वेळी सुमारे १.८ टन उचलले जातात. १८ टनी टिप्परला दहा बकेटा लागतात. बकेटीस २४ सेकंद धरल्यास चार मिनिटे, टिप्पर जागेवर लावण्यास एक, अशी पाच मिनिटे भरण्यात जातात. क्रशरपर्यंत जाणे, ओतणे व परतणे यास दहा मिनिटे धरली, तर फेरी पंधरा मिनिटांची होते आणि तीन टिप्परांना गुणांक बरोबर एक येतो.

कागदावर हे उत्तर निर्दोष असले तरी तीन टिप्पर तासाला १२ फेऱ्यांत २१६ टन दगड आणतात. क्रशरची क्षमता तासाला १२० टन असेल, तर रांग क्रशरच्या तोंडाशी लागेल. दोन टिप्पर १४४ टन आणतात, तेवढे पुरे. उत्खनकाचे तासाला २० मिनिटे मोकळे राहतात. ती मोठे धोंडे बाजूला करण्यास उपयोगी पडतात. अशा ठिकाणी दहा बकेटांचा दोष दूर करण्यासाठी मोठे पोकलेन घेतले, तर हप्ता वाढतो आणि गिट्टी तेवढीच निघते. म्हणून हिशेबाचा आरंभ सर्वात संथ दुव्यापासून करावा लागतो. पोकलेन घेताना मात्र हे बहुधा विसरले जाते.

बिघाडाचाही विचार करावा लागतो. प्रत्येक टिप्पर ८५ टक्के वेळ चालू स्थितीत असेल, तर दोन्ही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास येते. तिसरा टिप्पर राखीव ठेवण्याचे समर्थन येथे होते.

रस्ता

दुहेरी वाहतुकीच्या खाणरस्त्याची रुंदी सर्वात मोठ्या वाहनाच्या किमान तिप्पट ठेवण्याचा दंडक आहे. अडीच मीटर रुंद टिप्परला साडेसात मीटर पुरतात. सुमारे सहा मीटर रुंद डंपरला अठरा लागतात. लहान खदानीत तेवढी जागाच उरत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीवरील रस्ता चिखलाने निसरडा होतो. मुरूम व खडी अंथरली नाही, तर फेरीचा वेळ वाढून सारा हिशेब बिघडतो.

भार व ब्रास

महाराष्ट्रात गौण खनिज ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. स्वामित्वधन ब्रासवर आकारले जाते, रस्त्यावरील मर्यादा मात्र टनांत असते. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत वाढविले. त्यात गाडीचे स्वतःचे वजन धरलेले असते. फोडलेल्या बेसाल्टचा एक ब्रास सुमारे पाच टन भरतो, म्हणजे पाच ब्रास भरलेली तीन आसांची गाडी मर्यादेच्या बरीच पुढे जाते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ताचाचण्यांतून असे दिसले, की रस्त्याची हानी आसभाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्के वाढला की हानी दुपटीहून किंचित अधिक होते. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेल्या ग्रामीण रस्त्यांना ही वाढ झेपत नाही. मालकाला मोठ्या फाळक्याच्या टिप्परमुळे फेऱ्या वाचल्यासारखे वाटते, पण रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या हिशेबात येत नाही. त्यामुळे फाळक्याचे घनफळ निवडताना घेतलेला निर्णय खदानीबाहेरच्या गावालाही लागू होतो.