स्टीफन्सच्या पत्रातला वारा

रायतूरला १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे आपण फादर थॉमस स्टीफन्सना ओळखतो. मला मात्र आधी आठवते ते गोव्यात पोचल्यावर त्यांनी १० नोव्हेंबर १५७९ रोजी वडिलांना लिहिलेले पत्र.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, आगुल्यास भूशिराजवळ, वारा फिरला नि जहाज किनाऱ्याकडे ढकलले गेले. पाणी चौदा वावांहून कमी, तळाचे खडक इतके धारदार की नांगर टिकेना. सगळ्यांनी आशा सोडली होती. तोच जमिनीकडून वारा सुटला, शिडे भरली आणि जहाज वाचले! स्टीफन्स त्याला देवाची दया म्हणतात. पण जहाज जमिनीलगत आणले ही वाटाड्याची चूक, हे त्यांनी आधीच लिहून टाकले आहे. मला हा पाद्री आवडतो तो इथे.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे पकडायला बसले. एकाच्या हाती भलेमोठे पोवळे लागले.