हिरवळीवरील तण आणि औषधांची निवड

दख्खनच्या शेतकऱ्याला तण कोणतें हें शिकवावें लागत नाहीं. जें पिकाच्या तोंडचें पाणी आणि खत ओढून घेतें तें तण. खुरपें हातीं घेतलें कीं निवाडा होतो. विलायतेंतील बंगल्यापुढच्या हिरवळीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें पीक म्हणून कांहींच काढावयाचें नसतें. गवत वाढवावयाचें तें कापून टाकण्यासाठींच. मग त्या गवतांत उगवलेलें एखादें दुसरें रोपटें शत्रु कां ठरावें? या प्रश्नाचें उत्तर बागवानांपेक्षां औषधें विकणाऱ्यांनींच अधिक वेळां दिलें आहे.

आरंभीं हिरवळ ही सरदार-उमरावांची मिरास होती. ती सपाट राखावयाची म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्यांनीं गवत कापणारे गडी पदरीं असावे लागत. 1830 सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथें एडविन बडिंग यानें, लोकरी कापडावरची लव कातरण्याच्या यंत्रावरून, गवत कापण्याचें यंत्र बनविलें आणि पुढें मध्यम स्थितीच्या गृहस्थालाहि हा शौक परवडूं लागला. परंतु यंत्राचें पातें उंच वाढणारीं झाडें तेवढीं कापी. डेझी, प्लँटेन यांसारखीं जमिनीला बिलगून पानें पसरणारीं रोपें त्याच्या खालून सुखरूप निसटत. उलट उंच शेजारी नाहींसे झाल्यानें तीं अधिकच फोफावत. तीं गुडघे टेकून, सुरीच्या टोंकानें एकेक करून काढणें एवढाच उपाय होता.

या कष्टांतून सुटका करण्यासाठीं निघालेलें पहिलें चांगलें औषध म्हणजे 'लॉन सँड'. बारीक वाळू, अमोनियम सल्फेट आणि हिराकस यांचें हें मिश्रण. हिरड्याबरोबर उकळून ज्याची काळी शाई करीत तोच हा हिराकस. या औषधाची युक्ति फार साधी आहे. रुंद, आडव्या पानांवर भुकटी सांचून राहते व पान करपतें. गवताचें उभें, अरुंद पातें तिला झटकून टाकतें. पुढें पाऊस पडला कीं अमोनियम सल्फेट जमिनींत मुरून त्याच गवताचें खत होतें. गवताच्या बुडाशीं पसरणारें मऊ शेवाळ तर हिराकसानें थोड्याच दिवसांत काळें पडतें. मात्र शेवाळ हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण आहे. जेथें दाट सावली आहे, पाण्याचा निचरा नाहीं, माती तुडवून घट्ट झाली आहे, तेथें गवत क्षीण होतें आणि शेवाळ त्याची रिकामी जागा घेतें. ती स्थिति तशीच राहिली तर काळें पडलेलें शेवाळ दंताळ्यानें ओढून काढल्यावरहि पुन्हां येतें.

पिकाला धक्का न लावतां तण मारतां येतें हें शेतीच्या बाबतींत जवळजवळ योगायोगानेंच कळलें. नाशिकच्या द्राक्षबागाइतदारांना मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण परिचयाचें आहे. फ्रान्समध्यें 1896 सालीं बॉने या गृहस्थानें पाहिलें कीं, वेलींवर फवारलेलें हें मिश्रण शेजारच्या रानमोहरीवर पडलें तर तिचीं पानें काळीं पडतात. येथून रासायनिक निवडीचा शोध सुरू झाला. पण मधल्या काळांत वापरांत आलेलीं कांहीं द्रव्यें निवड करणारीं नव्हतींच. सोमलाचे क्षार माणसालाहि मारीत. सोडियम क्लोरेट सरसकट सर्व वनस्पति जाळी, आणि कपड्यांत वाळलें म्हणजे ठिणगीसरशीं पेट घेई. 1931 च्या सुमारास न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांच्या विजारी त्यापायीं जळाल्या. तरीहि बागेच्या वाटांवर तें अनेक दशकें शिंपडलें गेलें. युरोपीय संघानें त्याला तणनाशक म्हणून मान्यता नाकारली ती 2008 सालीं.

खरी क्रांति झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आड. 1928 सालीं हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यानें ओटच्या कोंबांवर प्रयोग करून वनस्पतींच्या वाढीला चालना देणारें द्रव्य वेगळें करून दाखविलें होतें. तशाच जातीचें द्रव्य कृत्रिम रीतीनें करून अधिक प्रमाणांत दिलें, तर रुंद पानांचें झाड वेडेंवांकडें वाढून मरतें आणि गवत तगतें, असें 1940 नंतर इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत आढळलें. युद्धामुळें बरेंचसें संशोधन गुप्त राहिलें. परंतु 1944 सालीं मार्थ आणि मिचेल या अमेरिकन संशोधकांनीं 2,4-डी नांवाचें द्रव्य हिरवळीवर फवारून डँडेलियन मारल्याचें प्रसिद्ध केलें, आणि पुढच्याच वर्षीं 'वीडोन' या नांवानें तें बाजारांत आलें.

येथेंच एका निरपराध वनस्पतीचा घात झाला. पांढरें क्लोव्हर हें तूर-हरभऱ्याच्या कुळांतलें. त्याच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नत्र धरून ठेवतात. म्हणून तोंपर्यंत हिरवळीच्या बियाण्यांत तें मुद्दाम मिसळीत. पण क्लोव्हरचीं पानें रुंद! 2,4-डी ला डँडेलियन आणि क्लोव्हर यांतला भेद कळत नव्हता. औषध सुधारण्यापेक्षां व्याख्या बदलणें सोपें होतें. क्लोव्हरची गणना तणांत होऊं लागली. फुकट मिळणारें नत्र गेलें, तेव्हां खत विकत घ्यावें लागलें, आणि लवकरच खत व तणनाशक एकाच पिशवींतून मिळूं लागलें. व्यापाराच्या दृष्टीनें याहून नामी सोय शोधून सांपडली नसती.

पुढें रॅशेल कार्सन यांच्या 1962 सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथानें लोकांची झोंप मोडली. व्हिएतनामच्या युद्धांत 'एजंट ऑरेंज' मध्यें 2,4-डी निम्मेंशिम्में होतें. त्यांतील डायॉक्सिन हें घोर विष आलें तें जोडीच्या 2,4,5-टी या द्रव्याबरोबर. पण लोकांच्या मनांत दोघांची गांठ पडली ती सुटली नाहीं. 1991 सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या हडसन या लहानशा गांवानें केवळ शोभेसाठीं होणाऱ्या औषधफवारणीला बंदी केली. हिरवळीचा धंदा करणाऱ्या कंपन्या न्यायालयांत गेल्या. 2001 सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें गांवाचा अधिकार उचलून धरला. 2009 सालीं ऑन्टारिओ प्रांतानें शोभेच्या हिरवळीवर 2,4-डी सह अनेक औषधें वापरण्यास मनाई केली.

तेथील गृहस्थाला आज हिरवळीसाठीं दुकानांत मिळतें तें लोहाचें संयुग, म्हणजे जुन्या हिराकसाचेंच भावंड. त्यानें डँडेलियनचीं पानें काळीं पडतात; मूळ जिवंत राहिलें तर झाड पुन्हां फुटतें व पुन्हां फवारावें लागतें. आणि गवताच्या बियाण्यांत मिसळलेलें क्लोव्हरचें बीं आतां पुन्हां विकत मिळूं लागलें आहे.